गिअर सहज पडावा म्हणून: गिअर ऑइल निवडण्याचा आणि बदलण्याचा नेमका क्रम

पसरणी घाट उतरताना तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना करकर होते. डिसेंबरात पाचगणीला सकाळी गाडी काढली की पहिला गिअर हाताला जड लागतो. मिरजेच्या गर्दीत रिव्हर्स पडता पडत नाही. अशी तक्रार घेऊन गाडीमालक ऑइलच्या दुकानात जातो आणि सांगतो, "गिअर कडक झालाय, भारीतलं ऑइल द्या." जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दोन वर्ग. समोरून जीएल-५ चा डबा येतो, कारण चारापेक्षा पाच मोठा. पुढे करकर वाढते आणि दोष गाडीच्या माथी जातो.

मॅन्युअल गिअरच्या चारचाकीसाठी ऑइल निवडण्यापासून ते भरून तपासण्यापर्यंतचा क्रम खाली दिला आहे. बहुतेक चुका ऑइल भरताना होतच नाहीत, त्या डबा विकत घेण्याआधी होतात. म्हणून पहिले तीन टप्पे घाईने वाचू नका.

## आधी हे समजून घ्या: सर्वांत निसरडं ऑइल इथे चालत नाही

गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकायचे असतात. अडकण्याआधी त्यांची गती सारखी करायचं काम सिंक्रो रिंग करते. ही रिंग बहुधा पितळेची असते. तिचा निमुळता आतला भाग गिअरच्या निमुळत्या भागावर घासतो आणि त्या घर्षणातून गती जुळते. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी दोन पावलं एसटीबरोबर धावतो, तसंच हे. रिंगच्या आत बारीक खाचा असतात. मधला ऑइलचा थर कापून बाजूला सारणं हे त्या खाचांचं काम.

ऑइल गरजेपेक्षा निसरडं असेल तर रिंग घसरते, गती जुळायच्या आत दात भिडतात आणि करकर होते. ऑइल गरजेपेक्षा जाड असेल तर थर वेळेत बाजूला होत नाही आणि गिअर जड पडतो. म्हणजे दातांना दाबाखाली वाचवेल, पण रिंगला पकड घेऊ देईल असं ऑइल हवं. पुढची सगळी निवड या एका गोष्टीवर उभी आहे.

## टप्पा १: दोष खरंच ऑइलचा आहे का?

गिअर जड पडण्यामागे क्लच, केबल किंवा गिअर लिव्हरच्या खालचे बुश असण्याची शक्यता ऑइलइतकीच असते. ऑइल बदलायला पैसे आणि अर्धा दिवस जातो. खालच्या चाचण्यांना काही लागत नाही.

चाचणी अ: इंजिन बंद ठेवून. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला. क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून पाहा. एखादा गिअर लगेच बसला नाही तर क्लच सोडून पुन्हा दाबा, दात दातावर आल्यामुळे तसं होतं. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, पण चालू केल्यावर जड होतात, तर संशय क्लचवर घ्या. क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिन बंद असतानाही जड असेल तर लिव्हर, गिअर केबल किंवा बुश पाहा.

चाचणी ब: रिव्हर्स टाकून. इंजिन चालू, गाडी थांबलेली. क्लच पूर्ण दाबा, मनात पाचपर्यंत मोजा, मग रिव्हर्स टाका. थांबूनही करकर होत असेल तर क्लच ओढतोय, म्हणजे पूर्ण सुटत नाही. थांबल्यावर आवाज गेला तर क्लच ठीक आहे. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच, त्यामुळे आतला शाफ्ट थांबायला क्षणभर द्यावा लागतो. आधी एक पुढचा गिअर टाकून मग रिव्हर्स टाकलात तरी चालेल.

चाचणी क: गार आणि गरम. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी जड आणि आठ-दहा किलोमीटरनंतर मऊ, असं असेल तर ऑइलवर संशय घ्यायला जागा आहे. ते जाड आहे किंवा जुनं झालंय.

चाचणी ड: एकच गिअर की सगळे? फक्त दुसऱ्यात येताना करकर होते आणि बाकीचे गिअर छान पडतात, तर दुसऱ्याची सिंक्रो रिंग झिजलेली असते. आपल्याकडे घाटात राहणाऱ्यांच्या गाड्यांत हे जास्त दिसतं, कारण उतारावर इंजिनाचा ब्रेक घ्यायला पुन्हा पुन्हा तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागतं. योग्य ऑइलने थोडा फरक पडेल, झिजलेलं पितळ मात्र परत येणार नाही.

या दोन लक्षणांवर ऑइल हा उपाय नाही: गाडी चालताना गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येतो, किंवा न्यूट्रलमध्ये घरघर होते आणि क्लच दाबला की थांबते. पहिल्यात आतली झीज आहे, दुसऱ्यात बहुधा इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

> तपासा: क्लचच्या पेडलखाली पायपोस अडकलेलं नाही ना? जाड रबरी मॅट सरकून पेडलखाली येते आणि क्लच पूर्ण दबतच नाही. हे सर्वांत आधी पाहा. नंतर केबलचा खेळ किंवा हायड्रॉलिक क्लच असेल तर त्याच्या डबीतली पातळी पाहा.

## टप्पा २: गाडीचं मॅन्युअल उघडा

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकाच्या शेवटी वंगण आणि त्याच्या प्रमाणाचा तक्ता असतो. पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. मॉडेल, वर्ष आणि इंजिन अचूक जुळवा. एकाच नावाच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत गिअरबॉक्स वेगळा असू शकतो आणि ऑइलही.

तक्त्यातून तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या:

1. एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) वर्ग. उदाहरणार्थ जीएल-४.
2. जाडीचा ग्रेड. उदाहरणार्थ ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९०.
3. लिटर. कित्येक छोट्या गाड्यांत दोन लिटरच्या आसपास लागतं, पण तुमच्या गाडीचा आकडाच धरा.

तक्त्यात गिअर ऑइलऐवजी दुसरं काही लिहिलेलं असेल तर ते तसंच पाळा. होंडाच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांना कंपनीचं स्वतःचं एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचं खास तेल, लागतं. जगात असेही मॅन्युअल गिअरबॉक्स आहेत ज्यांत ऑटोमॅटिकचं एटीएफ घालायचं असतं. अशा गाडीत जाड गिअर ऑइल ओतलं तर गिअर आणखी जड होईल.

एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेल्या आणि यंत्रच गिअर टाकतं अशा गाडीवाल्यांनी दोन डबे वेगळे ओळखावेत. त्यातला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो आणि त्याला गिअर ऑइल लागतं. गिअर टाकणारं यंत्र हायड्रॉलिक असेल तर त्याचं तेल निराळं आणि त्याची डबीही निराळी.

> इशारा: "सगळ्या गाड्यांत हेच घालतो" हे गॅरेजमधलं वाक्य ऐकलं की पुस्तक दाखवा. दिवसाला पंधरा गाड्या हाताळणाऱ्या मेस्त्रीकडे मोठा बॅरल एकच असतो. त्यात त्याची सोय असते, तुमच्या गिअरबॉक्सची असेलच असं नाही.

## टप्पा ३: डब्यावरचं वाचायला शिका

### जीएल-४ आणि जीएल-५

हे आकडे शाळेतल्या इयत्ता नाहीत. जीएल-५ म्हणजे जीएल-४ ची सुधारित आवृत्ती असं समजू नका. दोन्हीचं काम वेगळं आहे.

प्रचंड दाबाखाली दातांना वाचवायला गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं घालतात. त्यांना ईपी म्हणतात. जीएल-५ मध्ये ती साधारण दुप्पट असतात, कारण ते हायपॉइड गिअरसाठी बनवलेलं आहे. मागच्या धुऱ्याच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागात, ज्याला गॅरेजात क्राऊन म्हणतात, दात एकमेकांवर घसरत फिरतात. तिथे ही जास्तीची द्रव्यं हवीतच.

तेच ऑइल सिंक्रोच्या गिअरबॉक्समध्ये टाकलं की दोन गोष्टी होतात. रिंगला पकड मिळत नाही, ती घसरते. आणि ऑइल तापल्यावर त्यातलं गंधक पितळावर काम करतं, रिंग काळवंडते आणि झिजते. अलीकडच्या काही जीएल-५ ऑइलमध्ये पितळाला कमी त्रास देणारं गंधक वापरतात, पण घसरण्याचा प्रश्न तसाच राहतो.

आता आपल्या रस्त्यांवरच्या गाड्या घ्या:

- पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गाड्या. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात असतात, ऑइल एकच. यातलं डिफरन्शियल सहसा हायपॉइड नसतं, म्हणून कंपनी बहुधा जीएल-४ सांगते.
- मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या: बोलेरो, सुमो, ईको, छोटा हत्ती. इथे गिअरबॉक्स वेगळा, क्राऊन वेगळा. दोघांचं ऑइल पुस्तकात वेगवेगळ्या ओळीत लिहिलेलं असतं. माल वाहणाऱ्यांच्या गाड्यांत सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. क्राऊनसाठी आणलेलं जीएल-५ उरतं आणि तेच गिअरबॉक्समध्ये जातं. उलटही होतं: गिअरबॉक्सचं जीएल-४ क्राऊनमध्ये जातं आणि तिथले दात खाल्ले जातात.
- फोर व्हील ड्राइव्ह: पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस हे तिसरं घर. त्याची ओळ वेगळी वाचा.

"जीएल-४ प्लस" असा अधिकृत वर्ग नाही, ते कंपनीने लावलेलं नाव आहे. "जीएल-४/जीएल-५" असं दोन्ही लिहिलेला डबा दिसला तर ईपी द्रव्यांच्या हिशेबाने तो जीएल-५ च्या जवळ असतो. तुमच्या पुस्तकात फक्त जीएल-४ असेल तर फक्त जीएल-४ घ्या.

आणखी एक फसवं नाव म्हणजे नुसतं "ईपी ९०". ईपी म्हणजे दाबाची द्रव्यं आहेत एवढंच, वर्ग कोणता ते त्यातून कळत नाही. ईपी ९० जीएल-४ मध्येही मिळतं आणि जीएल-५ मध्येही. डबा फिरवून मागचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

### जाडीचे आकडे

पहिला गैरसमज: गिअर ऑइलचं ९० हे इंजिन ऑइलच्या ४० पेक्षा दुपटीहून जाड. तसं नाही, दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सियसला गिअर ऑइलचं ९० ग्रेड १३.५ ते १८.५ सेंटीस्टोकच्या (जाडी मोजायचं एकक) दरम्यान येतं. इंजिन ऑइलचं ४० ग्रेड १२.५ ते १६.३ च्या दरम्यान. म्हणजे दोन्ही शेजारीच आहेत.

दुसरा गैरसमज जास्त महत्त्वाचा आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या जाडीचा असतो हे बहुतेकांना माहीत असतं. पण ती थंडी कुठली? ७५डब्ल्यूची चाचणी उणे ४० अंशाला होते आणि ८०डब्ल्यूची उणे २६ ला. महाबळेश्वरात वेण्णा लेकच्या काठाला दव गोठलं की बातमी होते, तरी आपण उणे २६ च्या आसपासही नसतो. मग हा आकडा आपल्या काय कामाचा?

थेट नाही, पण अप्रत्यक्ष कामाचा आहे. आपल्याला हवी ती माहिती ऑइलच्या तांत्रिक माहितीपत्रकात असते, ४० अंशाची जाडी. हे माहितीपत्रक बहुतेक कंपन्या संकेतस्थळावर देतात. ४० अंश म्हणजे मे महिन्यात जत-आटपाडीच्या दुपारी उभ्या गाडीतलं ऑइल. साधारण ७५डब्ल्यू-८० या तापमानाला ५०-६० सेंटीस्टोकच्या आसपास असतं, सिंथेटिक (कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं) ७५डब्ल्यू-९० शंभराच्या थोडं पुढे, मिनरल (कच्च्या तेलातून शुद्ध केलेलं साधं) ८०डब्ल्यू-९० त्याहून बरंच वर, आणि डब्ल्यू नसलेलं नुसतं ९० सर्वांत वर. सकाळी आठ-दहा अंशाला हे अंतर कितीतरी पटींनी वाढतं. म्हणून पाचगणी, कास, कोयनेच्या बाजूला राहणाऱ्याला थंड सकाळी नुसत्या ९० चा गिअर जड लागतो आणि तेच ऑइल सांगलीत कुणाला खटकत नाही.

माहितीपत्रकात व्हिस्कॉसिटी इंडेक्स नावाचा आकडाही असतो. तो जितका जास्त, तितकी तापमान बदलल्यावर जाडी कमी बदलते. सिंथेटिकमध्ये तो जास्त असतो. सिंथेटिकचा खरा फायदा हाच. तांब्याच्या पट्टीची चाचणीही पाहा. निकाल १ए किंवा १बी असेल तर ते ऑइल पितळ-तांब्याशी सौम्य आहे. आकडा वाढत गेला तर गंजवण्याची ताकद वाढत जाते.

> तपासा: तुमचा कागद आणि डबा जुळतो का? वर्ग तोच, ग्रेड तोच. एकही शंका असेल तर डबा परत ठेवा.

## टप्पा ४: पुस्तकाच्या चौकटीत राहून निवड

पुस्तकात एकच ग्रेड असेल तर निवड संपली. तोच घ्या. जमलं तर सिंथेटिक घ्या.

पुस्तकात दोन ग्रेड चालतात असं लिहिलेलं असेल, समजा ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९०, तर असं ठरवा:

- डोंगरावर राहता, सकाळी लवकर निघता, छोट्या फेऱ्या जास्त: सिंथेटिक ७५डब्ल्यू-९०. सकाळच्या पहिल्या दोन किलोमीटरमध्येच फरक हाताला कळतो.
- सांगली, तासगाव, विट्याच्या सपाटीवर, बहुतेक वेळ गरम गाडी: ८०डब्ल्यू-९० ने काम भागेल.
- खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली असे घाट नेहमीचे, किंवा भरलेली गाडी: सिंथेटिक ७५डब्ल्यू-९०. ते गरम असतानाही जाडी धरून ठेवतं आणि गार असतानाही वाहतं.

आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल भरणं हा उपाय नाही. जुनी गाडी विकताना काही जण १४० ग्रेड भरतात, घरघर कमी होते, घेणारा फसतो. ते करू नका. आणि जुनी गाडी घेताना गिअर गार असताना तपासा, मालकाने "आत्ताच चालवून आणली" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.

पुस्तकापेक्षा पातळ ऑइल टाकून गिअर मऊ करण्याचा मोहही आवरा. पहिल्या आठवड्यात छान वाटेल, पण दातांवरचा थर पातळ होतो.

वरून घालायची औषधं नकोत. बाजारात गिअरबॉक्स मऊ करणाऱ्या छोट्या बाटल्या मिळतात. त्यांतलं मॉलिब्डेनम, ग्रॅफाइट किंवा टेफ्लॉन घर्षण कमी करतं, आणि सिंक्रोला घर्षणच हवं असतं.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी एवढंच. गळीत हंगामात ऊस ओढणाऱ्या बऱ्याच ट्रॅक्टरांत ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले असतात आणि गिअर, हायड्रॉलिक, ब्रेक या तिघांना एकच तेल असतं. त्यात गाडीचं जीएल-४ किंवा ईपी ९० टाकू नका, ब्रेक कुरकुरतील आणि धरणार नाहीत. ट्रॅक्टर कंपनीने सांगितलेलं वेट ब्रेक ऑइलच घाला. मोटरसायकलचंही वेगळं: बहुतेक फोर-स्ट्रोक बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलमध्ये चालतात, तिथे डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हा बाइकच्या ऑइलचा दर्जा लागतो.

## टप्पा ५: खरेदी आणि तयारी

ऑइल कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून किंवा गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानातून घ्या, आणि बिल घ्या. झाकणाचं सील, बॅच नंबर आणि तारीख पाहा. सुटं, मोजून दिलेलं ऑइल नको. रिकामा डबा टाकण्याआधी त्याला भोक पाडा, नकली ऑइल चांगल्या रिकाम्या डब्यांतच भरलं जातं.

लागणारं सामान:

- मोजून लागेल त्यापेक्षा अर्धा लिटर जास्त ऑइल
- ड्रेन (ऑइल उतरवायच्या) आणि फिलर (ऑइल भरायच्या) नटासाठी नवे वायसर (काही गाड्यांत वायसर नसतो, सीलंट लावायचं असतं, पुस्तकात पाहा)
- नटाला नेमका बसणारा पान्हा, एल-की किंवा चौकोनी टोकाची रॅचेट
- गिअर ऑइलचा हातपंप किंवा मोठी सिरिंज आणि नळी
- तीन लिटरचा पसरट ट्रे, चिंध्या, मोजमापाचा जग
- जॅक स्टँड, जमलं तर टॉर्क रेंच

> इशारा: नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड नसतील तर खड्डा किंवा रॅम्प असलेल्या गॅरेजात हेच काम तुमच्यासमोर करून घ्या.

## टप्पा ६: जुनं ऑइल काढणं

1. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवा. कोमट ऑइल लवकर आणि गाळासकट उतरतं.
2. गाडी चारही बाजूंनी समपातळीत उचला. फक्त पुढून उचलली तर नंतर पातळी चुकेल.
3. दोन्ही नटांभोवतीची माती ब्रशने काढा. गळीत हंगामातला चिखल फिलरच्या भोकातून आत गेला तर सगळं काम व्यर्थ.
4. आधी फिलर नट सैल करा, मग ड्रेन नट. हा क्रम मोडू नका. ऑइल सगळं उतरवलं आणि मग फिलर नट गंजून गोल झालेला निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी जागेवर अडकते.
5. ड्रेन नट काढा, ट्रेमध्ये ऑइल पूर्ण थेंबथेंब होईपर्यंत उतरू द्या.

### काढलेल्या ऑइलकडे नीट पाहा

हे बहुतेक जण वगळतात, आणि गिअरबॉक्सची प्रकृती तर इथेच कळते. ड्रेन नटावर बहुधा लोहचुंबक असतं.

- चुंबकावर करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट: नेहमीची झीज. पुसून टाका.
- नखाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा: नवं ऑइल भरायच्या आधी गिअरबॉक्स उघडणाऱ्या मेस्त्रीला दाखवा.
- ऑइलमध्ये सोनेरी चकाकी: सिंक्रोचं पितळ झिजतंय. चुंबकाला ते चिकटत नाही, म्हणून ट्रे उन्हात धरून पाहा.
- जळका वास, काळं ऑइल: फार जुनं, किंवा पातळी कमी असताना गाडी चालली.
- दुधाळ, चहासारखा रंग: पाणी शिरलं आहे.

किती उतरलं ते जगाने मोजा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बरंच कमी निघालं तर गळती आहे. एक्सलची सील, ड्रेन नट आणि क्लचच्या घराच्या खालची बाजू पाहा.

### पुरात बुडालेल्या गाडीसाठी

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कृष्णाकाठाने पाहिला आहे. सांगलीत पाण्यात उभी राहिलेली गाडी वाळवून चालू झाली म्हणजे सुटली असं होत नाही. गिअरबॉक्सला हवा जायला वर एक ब्रीदर असतो, पाणी तिथून शिरतं. तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात गेला तर आतली हवा आक्रसते आणि पाणी ओढलं जातं. नुसत्या पुरातूनच नाही, भरलेल्या ओढ्यातून गाडी काढल्यावरही हे होतं.

ऑइल दुधाळ निघालं तर असं करा: पूर्ण उतरवा, ब्रीदर साफ करा, त्याच वर्गाचं आणि ग्रेडचं साधं मिनरल ऑइल भरा, थोडे किलोमीटर सावकाश चालवा, पुन्हा उतरवा. ऑइल स्वच्छ निघेपर्यंत हे करा आणि मगच महागाचं सिंथेटिक भरा. बेअरिंगला गंज धरायच्या आत हे व्हायला हवं, गाडी महिनाभर उभी ठेवू नका.

> इशारा: आतून धुवायला डिझेल किंवा रॉकेल ओतू नका. ते कोपऱ्यात राहतं, नव्या ऑइलला पातळ करतं, आणि वंगण नसलेले दात फिरतात.

## टप्पा ७: नवं ऑइल भरणं

1. ड्रेन नट साफ करून नव्या वायसरसह लावा. पुस्तकातल्या टॉर्कलाच आवळा. गिअरबॉक्सचं घर ॲल्युमिनियमचं असतं, लांब पाइप लावून जोर केला तर आटे मरतात आणि खर्च दहापट होतो.
2. ऑइलचा डबा तासभर उन्हात ठेवा. पंपाने सहज चढतं.
3. फिलरच्या भोकातून हळूहळू भरा. मध्ये थांबा, ऑइल आत पसरू द्या.
4. बहुतेक गाड्यांत भोकाच्या खालच्या कडेवरून ऑइल बारीक धारेने बाहेर यायला लागलं की पातळी झाली. धार थांबू द्या आणि फिलर नट लावा.
5. काही गाड्यांत फिलरचं भोक पातळीपेक्षा वर असतं, किंवा सेन्सरच्या भोकातून भरायचं असतं. तिथे मोजून भरा, पुस्तकातल्या लिटरइतकंच.

पातळीबाबत दोन्ही बाजूंनी चूक होते. कमी भरलं तर वरचा गिअर आधी मरतो, कारण अनेक छोट्या गाड्यांत पाचवा गिअर टोकाला बाजूच्या कव्हरमध्ये बसतो आणि तिथे ऑइल पोहोचत नाही. हायवेला लांबचा प्रवास करणाऱ्याचा घात होतो तो इथे. जास्त भरलं तर ऑइल फेसाळतं, सीलमधून बाहेर येतं आणि इनपुट शाफ्टवरून क्लच प्लेटपर्यंत गेलं तर क्लच घसरायला लागतो.

> तपासा: मोजून भरलेलं ऑइल आणि पुस्तकातला आकडा यांत मोठा फरक आहे? मग गाडी समपातळीत नाही, किंवा जुनं ऑइल पूर्ण उतरलं नाही.

## टप्पा ८: चालवून तपासणं

गाडी जमिनीवर आल्यावर इंजिन बंद असतानाच सगळे गिअर एकदा टाका. मग इंजिन चालू करून जवळपास पाच किलोमीटर, सगळ्या गिअरमध्ये, शांतपणे चालवा. परतल्यावर दोन्ही नटांखाली कागद ठेवा. सकाळी कागदावर थेंब आहे का पाहा.

खरी परीक्षा गार गाडीची. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी न तापवता, पहिला-दुसरा टाकून पाहा. नव्या ऑइलचा पूर्ण परिणाम दिसायला काहीशे किलोमीटर जाऊ द्या. आधी जीएल-५ होतं आणि आता जीएल-४ टाकलं असेल तर आणखी थोडा धीर धरा, रिंगच्या खाचांत जुनं ऑइल मुरलेलं असतं.

पुस्तकात बदलाचे बहुधा दोन तक्ते असतात, साध्या वापराचा आणि कठीण वापराचा. रोजचा घाट, भरलेली गाडी, धुळीचा रस्ता, सारख्या छोट्या फेऱ्या हे सगळं कठीण वापरात येतं. सातारा-सांगलीच्या बऱ्याच गाड्या त्यातच बसतात, तरी सगळे साधा तक्ता धरतात. तारीख, किलोमीटर आणि ऑइलचं पूर्ण नाव, वर्ग आणि ग्रेडसह, बॉनेटच्या आत चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी वेगळं ऑइल मिसळलं जाणार नाही.

काढलेलं ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या झालेल्या, भोक न पाडलेल्या डब्यात भरून, झाकण लावून गॅरेजला द्या. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं आणि ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवं. गटारात ओतलेलं ऑइल कृष्णेत जातं. वाळवीसाठी लाकडाला किंवा गोठ्याच्या खांबांना ते लावू नका.

## ऑइल बदलूनही फरक नसेल तर

दुसरं, तिसरं ऑइल आणून पाहू नका. मेस्त्रीकडे जाताना "गिअर कडक आहे" एवढंच सांगून चालत नाही. कुठल्या गिअरमध्ये, वर जाताना की खाली येताना, गार असताना की गरम, इंजिन बंद असताना काय होतं, रिव्हर्सला थांबून टाकल्यावर काय होतं, कोणतं ऑइल कधी भरलं आणि काढलेल्या ऑइलमध्ये काय दिसलं, हे सगळं लिहून न्या. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून क्लचचं काम निघालं असेल तर सिंक्रो आणि बेअरिंग त्याच वेळी पाहून घ्या. परत बसवल्यावर त्यात कोणतं ऑइल भरणार ते आधी विचारा आणि डबा तुमचा तुम्ही घेऊन जा.